निशाणीवरून उतरवलेला बैल

मी एक उतरवलेली निशाणी आहे, मित्रांनो. निशाणी होण्याआधी मी बैल होतो, आणि तेच बरं होतं.

माझं नाव हरण्या. कोळवणच्या खोऱ्यात, हैबतरावांच्या गोठ्यात मी वाढलो. गुलब्या माझा जोडीदार. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात आम्ही दोघं औत ओढायचो. गुलब्या पक्का अंगचोर! वळणावर हळूच मागे राहायचा आणि सगळा भार माझ्यावर टाकायचा. मी त्याला शिंग दाखवायचो. पण तो दावणीला शेजारी नसला, की मला वैरण गोड लागत नसे.

मग एक दिवस आमच्या अंगणात दादासाहेब आले. तालुक्यातले पुढारी. पक्षाचं नाव मी सांगत नाही. मतं मागायला येतील तेव्हा तेच सांगतील. त्यांची निशाणी बैल. मिरवणुकीला जिवंत बैल हवा होता, आणि मी पडलो पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा. दादासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि हैबतरावांच्या मुलाला, कैलासला, जिल्हा परिषदेचं तिकीट कबूल केलं.

"फक्त याला आता औताला जुंपू नका," ते म्हणाले. "खांद्यावर घट्टा दिसला की फोटो बिघडतो."

निशाणीत बैल एकच होता. मग दुसरा कशाला पोसायचा? कैलासने गुलब्याला विकायला काढलं. कैलासची आई साळूबाई मध्ये पडली. "आरं, जोडी हाय ती! एकट्या बैलानं कुटं चिखलणी व्हती का?"

"आये, आता पावर टिलर आणायचा," कैलास म्हणाला. हैबतरावांनी गुलब्याचं दावं सोडलं.

टेम्पोत चढताना गुलब्या हंबरला. मी दावं तोडायला धडपडलो, तर जमलेले लोक म्हणतात कसे, "वा! काय रग हाय निशाणीत!"

पुढे माझा थाट काय विचारता! शिंगांना पक्षाचा रंग, पाठीवर झूल, गळ्यात हार. भुकूमच्या चौकात बाया माझ्या पाया पडायच्या. दादासाहेब भाषणात मला शेतकऱ्याचा सखा म्हणायचे. सख्याला पाणी पाजायचं मात्र कुणाच्या ध्यानात राहत नसे.

गेल्या महिन्यात त्यांची बैठक आमच्याच अंगणात भरली. पुण्याहून दिग्विजय नावाचा प्रचाराचा सल्लागार आला होता. माझ्यापासून चार हातांवर खुर्ची टाकून तो म्हणाला, "दादासाहेब, महाळुंग्याच्या टॉवरमधले आयटीवाले आता खरे मतदार. त्यांना बैल बॅकवर्ड वाटतो. सिम्बॉल बदलू या. ड्रोन घेऊ."

दादासाहेबांना ते लगेच पटलं. निशाणी बदलली, आणि तिकीटही महाळुंग्याच्या एका बिल्डरला गेलं.

"अवो, ह्या तिकिटापायी मी जोडी मोडली!" कैलास ओरडला.

"पुढच्या वेळी बघू," म्हणत दादासाहेब गाडीत बसले. गरज सरो, वैद्य मरो! कैलासने राग काढला तो माझ्यावर. "एकटा बैल काय चाटायचाय?" म्हणाला आणि व्यापाऱ्याला फोन लावला.

काल पोळ्याची आदली संध्याकाळ, खांदेमळणी. वर्षभर जू वाहून दुखावलेला खांदा या दिवशी हळद-लोण्याने चोळतात. साळूबाई वाटी घेऊन आली. माझ्या खांद्यावर हात फिरवत ती घट्टा शोधू लागली. खांदा मऊ पडला होता.

"हरण्या, हितं तर काईच न्हाई रं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. हैबतराव दारात उभे होते. त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "तुमी ह्याला देव केलात अन् ह्याच्यातला बैल मारलात."

"दुसरा बघू की. जोडी लावू," हैबतराव पुटपुटले.

"व्हय! बैल गेला अन् झोपा केला!"

उरलेलं लोणी तिने गुलब्याच्या रिकाम्या खुंट्याला चोळलं. मला लाज वाटली, मित्रांनो. त्या खुंट्याने माझ्यापेक्षा जास्त ओढ सोसली होती.

आज पोळा आहे. पुरणपोळी मिळेल. उद्या टेम्पो येईल.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमचेही पक्ष होतील, त्यांच्याही निशाण्या होतील. आम्हाला मखरात बसवू नका. जुंपा, घाम गाळायला लावा, आणि संध्याकाळी जोडीदाराशेजारी बांधा. आम्हाला एवढंच पुरतं.

भुकूमच्या भिंतीवर माझं चित्र अजून आहे. आता त्याच्यावर चुना फासतील. खुशाल फासू द्या. त्या चित्रातही माझ्या शेजारी कुणी नाही.