मागच्या आसनाचे बक्कल

डोंगरात सापडलेल्या त्या युद्धकालीन विमानात आसने दोन होती, दोन्हींचे पट्टे लावलेले होते आणि हाडे एकाच माणसाची होती.

मित्रांनो, मी त्यातल्या मागच्या पट्ट्याचे जुने पितळी बक्कल आहे. माझ्या खिळीत चार पट्ट्यांच्या कड्या अडकवल्या की माणूस आसनाला घट्ट बांधला जाई. तेव्हा माझ्यावर सगळ्यांचा भरवसा होता. नंतर ऐंशी वर्षे मी ईशान्येच्या जंगलात शेवाळाखाली पडून राहिले. पट्ट्यांचे कापड कुजले, पितळ टिकले.

पडलेली विमाने शोधणाऱ्या हौशी गटातल्या प्रतीकने मला आणि पुढच्या आसनाच्या बक्कलाला गुरुग्रामला घरी आणले. सापडलेली हाडे वैमानिकाची ठरली होती. मागे बसलेले मुरलीधर हे प्रतीकचे आजोबा. तळावरून विमान उडाले तेव्हा ते आत होते, हे सोबत्यांनी पाहिले होते. त्यांची मुलगी, म्हणजे प्रतीकची आई चंद्रप्रभाबाई, तेव्हा पाळण्यात होती.

“पट्टा लावलेला होता, म्हणजे आजोबा शेवटपर्यंत आसनातच होते,” प्रतीक म्हणाला.

“मग उद्या गढगंगेच्या घाटावर जाऊन हेच गंगेत सोडू,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. अस्थींच्या जागी मी! त्यांनी चिंच भिजवली आणि मला घासायला घेतले, तोच वरच्या मजल्यावरची विनया आली. ती मानेसरला मोटारींच्या सीटबेल्टची चाचणी घेते.

“काकू, ती चिंच आधी खाली ठेवा!”

“अगं, पितळ आहे. बाबांच्या नावानं असं कळकट सोडू?”

“घासलंत तर पुरावा जाईल. प्रतीक, पुढच्या आसनाचं बक्कल दे.”

“यार विनया, उद्याची टॅक्सी बुक झालीय.”

“बिल्कुल जा. पण नेणार काय, ते आधी ठरू दे.”

तिने भिंग लावले. पुढच्या बक्कलाची खीळ वाकली होती, कड्यांची भोके ताणून लांबट झाली होती. माझी खीळ सरळ होती आणि भोके गोल. आदळताना माणसाचे वजन कित्येक पटींनी पट्ट्यावर येते. क्षणाचा तो लहानसा अंश ऐंशी पावसाळ्यांनंतरही पितळात जसाच्या तसा होता. मी थक्क झाले. माझ्या अंगावर इतके काही असल्याचे मलाच ठाऊक नव्हते.

“नंतर कुणी लावलं असेल तर?” प्रतीकने विचारले.

“हा हिरवा गंज बघ. चारही कड्यांवरून सलग गेलाय. तेव्हापासून हे उघडलेलंच नाही. आणि हवेतून उडी मारणारा माणूस पट्टा सोडतो, परत लावत बसत नाही.”

“म्हणजे पडताना बाबा त्यात नव्हते?” चंद्रप्रभाबाईंनी विचारले.

“नव्हते, काकू. विमान पडण्याआधीच ते कुठेतरी उतरले असणार.”

मग चिंचेचे भांडे त्यांनी स्वतःच मोरीत ओतले.

“प्रतीक, टॅक्सी रद्द कर. ते कुठे उतरले, ते शोध.”

मानेसरच्या सूक्ष्मदर्शकानेही तेच सांगितले. मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर आधी नीट पाहा. घासायला पुढे वेळ असतो.

कारण असे होते: विमान वाटेत एकदा जमिनीवर उतरले होते आणि मुरलीधर तिथेच राहिले. रिकाम्या आसनाचा पट्टा लोंबून नियंत्रणदांड्यात अडकू नये, म्हणून पुन्हा उडण्यापूर्वी तो लावून ठेवण्याची रीत होती. वैमानिकाने ती पाळली. मागचे आसन रिकामे होते.