मागच्या खोलीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. सोलापुरातल्या एका घराच्या बोळात, गच्चीवरच्या टाकीतून मागच्या खोलीकडे जाणाऱ्या पाइपावर माझा मुक्काम आहे. माझ्या डोक्यावरचे लाल चाक सोडले की मागच्या खोलीत पाणी जाते, आवळले की थांबते. पाणी नीट येत असते तोवर मला कुणी विचारत नाही. गळायला लागलो की मात्र सगळे घर माझ्या नावाने बोटे मोडते.

मला खाजाभाईंनी आणले. ते रिक्षा चालवत. दुकानदार स्वस्तातला प्लॅस्टिकचा पुढे करत होता, पण खाजाभाई म्हणाले, "पितळीच दे. पुन्हा पुन्हा भिंत कोण फोडणार?" मला फार बरे वाटले होते. नळ बिघडला तर पाणी बंद करून दुरुस्ती करता यावी, एवढेच माझे काम. बरीच वर्षे मी ते इमानाने केले.

खाजाभाई गेले आणि त्यांच्या पत्नी अनवरीभाभींनी मागची खोली भाड्याने दिली. त्या भाड्यातून त्या बचतगटाचा हप्ता भरत. यंदा त्यांच्या मुलीला, इफ्राला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीसाठी गट कर्ज देणार होता, पण भाभींचे दोन हप्ते उशिरा गेले होते. गटाच्या अध्यक्ष बाळाबाईंनी बजावले होते, "शुक्रवारच्या बैठकीत तिसरा चुकला, तर कर्ज विसरा." प्रवेशाची मुदतही संपत आली होती.

हप्ते का चुकले? भाडे वेळेवर येत नव्हते म्हणून. भाडेकरू सांगोल्याकडचे होते, जोतिराम आणि त्याची आई केराबाई. जोतिराम एका डाळिंबाच्या व्यापाऱ्याचा टेंपो चालवायचा. पाच तारखेचे भाडे वीस तारखेला द्यायचा. "उद्या देतो की, भाभी," हे तर त्याच्या तोंडी बसले होते. पुढे पुढे तो भाभींना तोंडच दाखवेना. चपला हातात घेऊन बोळातून निघून जायचा. मी सगळे पाहायचो, पण मला कोण विचारणार?

एका संध्याकाळी भाभींना त्याच्या हातात नवा कोरा मोबाइल दिसला. त्यांनी त्याला तिथेच विचारायला हवे होते, पण त्यांचा स्वभाव पडला भिडस्त. तो खोलीत गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझे चाक आवळले. मी करकरलो, मुद्दामच. त्यांनी दातओठ खाऊन आणखी एक पीळ दिला. पाणी नाही म्हणून ही माणसे दारात येतील, मग भाड्याचे बोलू, असा त्यांचा हिशेब होता.

कुणीही आले नाही. आमच्या सोलापुरात नळ दोन दिवस कोरडा राहिला तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. केराबाईंचा तर जन्म टँकरची वाट बघण्यात गेलेला. त्यांनी गुपचूप घागर उचलली आणि त्या चौकातल्या बोअरवरून पाणी आणायला लागल्या. इकडे भाभी घरात नळ बारीक सोडून भांडी घासायच्या, आवाज मागे जाऊ नये म्हणून. शुक्रवार जवळ येत होता. मला त्या घरात कोंडल्यासारखे झाले होते.

गुरुवारी सकाळी केराबाई दोन घागरी घेऊन आल्या, एक डोक्यावर, एक कमरेवर. कमरेवरची त्यांनी भाभींच्या उंबऱ्यात ठेवली.

"घ्या, भाभी. तुमच्याकडंबी खडखडाट असंल की. पोरीचा अभ्यास हाय, ती कुटं जाईल पान्याला?"

वर टाकी अर्धी भरलेली होती. भाभी तशाच बोळात आल्या आणि त्यांनी मला सोडले. मागच्या खोलीत उघड्या राहिलेल्या नळातून पाणी धो धो बादलीत पडू लागले. केराबाई मागोमाग आल्या. त्यांनी नळाकडे पाहिले, मग माझ्या चाकावरच्या भाभींच्या हाताकडे.

"तुमी बंद केलंतं व्हय?"

"हां, मावशी. भाडं आलं नाही म्हणून."

"भाडं? जोत्या तर म्हनला, पाच तारखेलाच दिलं."

केराबाई तिथेच माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या. दुपारी जोतिराम आला, तेव्हाही त्या तिथेच होत्या. त्यांनी भाड्याचे विचारले तसा तो पुटपुटला, "मालकानंच पैसं दिलं न्हाईत. आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येनार?"

"मग ह्यो फोन कुठल्या आडातनं काडला?"

संध्याकाळपर्यंत फोन विकला गेला आणि भाडे भाभींच्या हातात पडले. शुक्रवारी केराबाई न बोलावता भाभींबरोबर बैठकीला गेल्या. पंधरा बायांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आदीच्या हप्त्यांला उशीर माज्या घरानं केला, हिनं न्हाय." दोघी परत आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला हे कळले. इफ्राचे कर्ज मंजूर झाले.

त्याच दिवशी भाभींनी पाना आणला, माझे लाल चाक काढले आणि केराबाईंच्या हातात दिले. "हे तुमच्याकडं असू द्या, मावशी. नाहीतर माझा हात पुन्हा चाकाकडं जाईल."

केराबाईंनी ते घेतले. "आनि पैशाचं मला सांगत जावा. तोंडानं."

मित्रांनो, द्यायचे पैसे तारखेला द्या. जमत नसेल तर समोर उभे राहून तसे सांगा. घ्यायचे असतील तर दार वाजवून मागा, वेळ आली तर भांडासुद्धा. पण कुणाचे पाणी तोडू नका. मला अधूनमधून तेल घाला, नळ दुरुस्त करायचा असेल तेव्हा जरूर फिरवा. फक्त आता त्यासाठी आधी केराबाईंकडे चाक मागावे लागेल.