काकांच्या नर्सरीखालचं पाणी

पुतणी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि काकांकडेच राहायची. काकांची फुलझाडांची नर्सरी ओढ्याकाठी. तिने प्रबंधाला तोच ओढा घेतला, तेव्हा काकांना कोण आनंद! "घरचाच ओढा आहे, हवं तेवढं पाणी ने," म्हणाले.

वरच्या पुलापाशी पाणी भरायचं काम मैत्रिणीकडे होतं. तिला सगळे 'चालतंय' म्हणत, कारण तिला सगळंच चालायचं. नर्सरीखालच्या वळणावर पुतणी स्वतः जायची. बाटल्या जिच्या तिने धुवायच्या. चालतंय शुद्ध पाण्याने खळखळून मोकळी व्हायची. पुतणी मात्र आम्लात दिवसभर बुडवून, मग एकदा विसळून घ्यायची. जड धातूंच्या प्रात्यक्षिकात तसंच शिकवलं होतं, आणि हयगय तिच्या रक्तातच नव्हती.

प्रयोगशाळेत नायट्रेट तपासलं (ते जितकं जास्त, तितका नळीतला गुलाबी रंग गडद), तर पुलाकडची नळी जेमतेम गुलाबी आणि वळणावरची गडद. इतकं नायट्रेट म्हणजे खत. आणि मधे काकांच्या नर्सरीशिवाय होतंच काय?

जेवताना तिने आकडे त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला. "उद्यापासून खत बंद," एवढंच म्हणाले.

महिन्याने आकडा तिळभरही उतरला नव्हता.

"नक्की बंद केलंत ना?"

"केलंय गं."

"मग काय नळी खोटं बोलते?"

काका चपला घालून नर्सरीकडे निघाले. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिने पक्कं धरलं. मग काकांचं सगळंच तिला खटकू लागलं. नर्सरीतल्या शेडला कुलूप कधीपासून लागलं? "उद्या किती वाजता जाणार आहेस पाणी घ्यायला?" हे यांना कशाला हवं? एकदा ते ओढ्यावर चिखलाचे हात धूत होते. तिला पाहून चटकन उठले. तिने वहीत तारीख-वेळ टिपली. सख्ख्या काकांवर पाळत ठेवताना तिला लाज वाटत होती, तरी टिपलीच.

मार्गदर्शक मॅडमनी प्रबंधाचा मसुदा चाळला. "शुद्ध पाणी भरून बाटल्या तपासल्या का?"

"राहिलं, मॅडम."

"आधी ते कर."

तिने आपल्या बाटलीत शुद्ध पाणी भरलं, चालतंयच्याही. चालतंयची नळी बिनरंगीच राहिली. तिची गडद गुलाबी झाली. तिने आम्लाची बरणी फिरवून लेबल वाचलं, तीन महिन्यांत पहिल्यांदाच नीट. नायट्रिक आम्ल. म्हणजे ते नायट्रेट बाटलीतून तीच ओढ्यावर नेत होती.

ती तशीच नर्सरीत धावली. रोपांच्या ओळीच्या ओळी पिवळ्या पडल्या होत्या. काका शेडमध्ये होते आणि आज दार उघडं होतं. खताच्या गोण्यांची शिवण तशीच होती. मधली फरशी मात्र उखडून ढीग लावला होता, आणि कंबरभर खड्ड्यात काका कुदळ घेऊन उभे होते.

"आकडा उतरला का गं?"

"काका, तुमचं काही नव्हतंच. नायट्रेट माझ्याच बाटल्यांत होतं."

काकांनी कुदळ खाली ठेवली.

"हुश्श!" ते म्हणाले. "तू खोटं कशाला सांगशील? म्हणून रोज तुझ्या आधी येऊन शोधत होतो, माझ्याकडून कुठून पाझरतंय ते."