दहिस्तानात पाहुणे मिळेनात

किलोमीटर शून्य

तुर्कमेनिस्तानातल्या बाल्कनाबादहून निघताना ओगुलबेगने जीपमध्ये आधी हंडा चढवला, मग स्वतः चढली. मेंढीचं मांस, कांदे आणि दोन चादरींत बांधलेल्या ताज्या तंदुरी रोट्या मागच्या सीटवर.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती दहिस्तानच्या शिर-कबीर पीराला नवस बोलली होती. दृष्टी आली तर तुझ्या दारात मांस शिजवीन आणि परके लोक जेवताना याच डोळ्यांनी बघीन. दृष्टी आली. आता परके हवे होते. सासूने घालून दिलेला नियम कडक होता: नवसाच्या ताटात पहिला हात परक्याचाच. आणि ज्याने तुमच्या हातची रोटी एकदा मोडली तो परका उरत नाही, घरचा होतो. उरलेलं घरी आणायचं नाही.

"वहिनी, आज गुरुवार," दीर होजाबेर्दी गाडी सुरू करत म्हणाला. "दर्ग्यात पाय ठेवायला जागा नसेल. तुमचा हंडा पुरायचा नाही."

"तुम्ही रस्त्याकडे बघा भावजी. मागच्या खेपेला पीराऐवजी इराणच्या हद्दीचं दर्शन घडवलं होतंत."

किलोमीटर ११२

आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. इथली सपाट चिकणमाती कोरडी असली की परातीसारखी वाजते आणि भिजली की नुसता साबण. त्या साबणात एक ट्रक आसापर्यंत रुतला होता, गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला. ड्रायव्हर अन्नागुली टपावर बसून गाणं म्हणत होता, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तिघांनी दोन तास झुडपं तोडून चाकांखाली घातली. ट्रक तसूभर हलला नाही. अन्नागुली मात्र कानापर्यंत चिखलात माखला. ओगुलबेगला दया आली. तिने थर्मासमधला चहा ओतला, रोटी काढली, निम्मी मोडून त्याच्या हातात दिली. आणि तिचा हात तिथेच थिजला.

"काय झालं मावशी?"

"खाल्लीस?"

"खाल्ली की. वा, काय रोटी आहे—"

"मेल्या! घरचा झालास!"

नियम कळल्यावर अन्नागुली अपराधी चेहऱ्याने मागच्या सीटवर बसला. चिखल सुकेपर्यंत ट्रक कुठे जाणार नव्हता.

किलोमीटर १३४

(जीपचा किलोमीटरचा काटा इथेच अडकला.)

वाळू. दोन मिनार. मशिदीची उभी राहिलेली कमान. पायाखाली निळ्या झिलईचे विटांचे तुकडे, कुणाच्या तरी फुटलेल्या वाडग्यांच्या कडा. एवढ्या मोठ्या पडक्या शहरात माणूस एकही नाही.

दर्ग्याच्या राखणदाराच्या खोलीला कुलूप. दारावर खडूने लिहिलं होतं: लग्नाला गेलोय.

"चिखलामुळे बाकीचे आले नसणार," होजाबेर्दी म्हणाला. "शहाणे लोक घरी बसतात."

"म्हणून तर तुम्ही पोचलात," ओगुलबेग म्हणाली आणि आत गेली.

भिंतीवर चुन्यात कोरलेली अक्षरं होती. तरुणपणी ती दोनदा इथे आली होती, पण तेव्हा घाईत. नंतर डोळ्यांवर पडदा आला. आता अक्षरांच्या मधली बारीक पानं दिसली, पानांच्या शिरासुद्धा. तिने भिंतीला कपाळ टेकलं आणि पुटपुटली, "मी माझं केलं बाबा. आता गिऱ्हाईक तू पाठव."

दुपारपर्यंत मांस हाडापासून सुटलं. रोट्यांचे तुकडे, मांसाचे धागे, कांदा आणि वरून रस्सा घातला की दोग्रामा तयार. वास मिनारापर्यंत गेला. कोणी आलं नाही.

"मावशी," अन्नागुलीने सुचवलं, "मी त्या मिनाराला वळसा घालून येतो. तुम्ही विचारा, कोण रे तू? मी म्हणतो, परका."

"पीर आंधळा आहे का?"

"नाही, पण मला भूक लागलीय."

होजाबेर्दी पडक्या तटबंदीच्या ढिगावर चढला आणि बराच वेळ डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. मग ओरडला, "उंट! पाच-सहा!"

उंट म्हणजे विहीर. विहीर म्हणजे गुराखी. गुराखी म्हणजे तोंड.

"पाहुणे येत नाहीत तर हंडा जाईल," ओगुलबेग म्हणाली.

किलोमीटर १३४

(असं काटा म्हणतो.)

झाकण ओढणीने बांधलं. हंडा अन्नागुलीच्या मांडीवर, हंड्याखाली घोंगडी. जीप घसरायची, आडवी व्हायची, पुन्हा सरळ व्हायची. "डावीकडे!" "खड्डा!" "भावजी, मांस आहे, दगड नव्हेत!" "माझ्या मांड्यापण मांसाच्याच आहेत, मावशी!" एकदा गाडी पूर्ण गोल फिरून आल्या वाटेकडे तोंड करून थांबली. होजाबेर्दी म्हणाला, हे मी मुद्दाम केलं.

विहिरीपाशी

जीप थांबायच्या आत एक दाढीवाला धावत आला. नाव नाही, गाव नाही, दारच उघडलं.

"आलात! अल्लाचे उपकार, आलात!"

गोचमुरात त्याचं नाव. बेपत्ता सांडणी पिल्लासह परत आली म्हणून त्याने पहाटे बकरा कापला होता. बायको बीबीसोना तेव्हापासून तंबूबाहेरच्या गाडगी ठेवायच्या उंच फळीवर उभी राहून वाट बघत होती. दिवसभरात कावळासुद्धा फिरकला नव्हता.

"चला, जेवा आधी," गोचमुरातने ओगुलबेगची बाही धरली.

"तुम्ही आधी. माझा नवस आहे."

"माझाही आहे!"

"तुमचा घास माझ्या पोटात गेला की आपण घरचे झालो. मग तुम्ही माझं खाऊन काय उपयोग?"

गोचमुरात खिन्नपणे म्हणाला, "माझी आईपण असंच सांगायची."

दोन्ही हंड्यांवरची वाफ विरत चालली. पुरुष आकाशाकडे बघू लागले. शेवटी बीबीसोनाच फळीवरून उतरली, दोन थाळे भरले आणि एका चादरीवर शेजारी शेजारी ठेवले.

"तुमचे हात आमच्यात, आमचे तुमच्यात. एकाच वेळी. तीन म्हटलं की."

"कोण म्हणणार?" अन्नागुलीने विचारलं. "बोलेल त्याचा घास मागे राहील."

"मी म्हणते," ओगुलबेग म्हणाली. "एक. दोन. तीन."

सगळे हात एकदम बुडाले. होजाबेर्दी आणि अन्नागुली शेजारच्या थाळ्यावर तुटून पडले. गोचमुरात तिच्या थाळ्यातला मोठा तुकडा तोंडात कोंबत होता. रस्सा दाढीतून मनगटावर ओघळला आणि त्याने तो चाटला. बीबीसोना बोटांनी कांदा बाजूला सारत होती. तिला कांदा आवडत नसावा. डोळ्यांच्या कोपऱ्यात तिच्या बारीक सुरकुत्या होत्या, उजव्या हाताच्या नखांखाली पीठ.

ओगुलबेगचा हात अजून मांडीवरच होता.

"मावशी, खा ना," गोचमुरात भरल्या तोंडाने म्हणाला.

"खाते रे," ती म्हणाली. "जरा बघू दे."