पाटलाआधी पडलेला नारळ

पाटील, तुम्ही माझ्या भावाच्या बुटांना भ्यालात.

नाव दर्याचं पुढे केलंत, देवाचं केलंत, वाडवडिलांचं केलंत. पण ज्या दिवशी सदा ते काळे बूट घालून कोळीवाड्यातून चालत गेला आणि जाळी सांधत बसलेल्या माणसांनी नकळत पाय आखडून त्याला वाट दिली, त्या दिवशीच तुमच्या पोटात दुखायला लागलं. मी समोर होतो. तुमच्या हातातली विडी विझली होती आणि तुम्ही ती ओढतच होता.

तुमचं नाव मी लिहीत नाही. रेवदंड्यात ते सांगायची गरज नाही आणि रेवदंड्याबाहेर तुम्हाला कुणी ओळखत नाही.

सदा माझा धाकटा भाऊ. मी चौथीतून उठून बापाच्या होडीवर गेलो. तो अलिबागेत मॅट्रिक झाला आणि मुंबईला एका उद्योगशाळेत शिकायला लागला. यंदा आषाढात तो न कळवता घरी आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरून पाणी गळतंय, आणि अंगणातूनच ओरडला, "दादूस, मी जपानला चाललो!"

त्याच्या शाळेनं सहा पोरं निवडली होती. वर्षभर कोबे नावाच्या बंदरात राहायचं. यंत्रावर जाळं कसं विणतात, मासळी डब्यात भरून महिनोन्‌महिने कशी टिकवतात, ते शिकून यायचं. खर्च मुंबईचं एक धर्मादाय मंडळ करणार. बरोबर आईबाप नाहीत, एक मास्तर तेवढा.

आमची आवस, म्हणजे आई, सुक्या जवळ्यातला कचरा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जपान म्हंजे मुरुडच्या पल्याड?"

"लय पल्याड, आये."

"मंग जेवायला कवा येशील?"

ती भोळी नाही, पाटील. मुंबईच्या बाजारात शेटलोकांशी भांडून मासळी विकते ती. रडू आलं की मुद्दाम असं काहीतरी विचारते.

त्या दिवसापासून घरात कुणाचा पाय ठरला नाही. सदानं मुंबईहून जुना लोकरीचा कोट आणला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. जपानात बर्फ पडतो, सवय पाहिजे, म्हणून तो कोट घालून आषाढाच्या उकाड्यात ओटीवर बसायचा. घामानं निथळायचा. गोदूआते, म्हणजे बापाची बहीण, येता जाता आवशीला म्हणायची, "नीरे, पोराला कच्चा पाठवतेस का शिजवून?"

जपानी लोक दोन काड्यांनी भात खातात असं मास्तरांनी सांगितलेलं. सदानं खराट्यातले दोन हीर मोडून घेतले आणि ताटावर बसला. शीत उचलायचा, ते तोंडाशी येईस्तोवर पडायचं.

"हिरानं दात कोरतात रं," आते म्हणाली. "आन् पेज कशी खातात ते लोक? गाठी मारून?"

सदा हसला नाही. पुन्हा काड्या धरल्या. जेवण थंड झालं, कालवणावर साय आली, तरी त्याचं चाललेलंच. बूट घालून घरात फेऱ्या मारायचा, टाचा सोलल्या की खोबरेल लावायचा, पुन्हा घालायचा. मध्येच उठून पेटी उघडायचा, आत काय आहे ते बघायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. मला विचारायचा, "दादूस, बोट लागली मला तर?" कोळ्याच्या पोराला बोट लागेल का म्हणून भीती! मी त्याला शिवी दिली. पण माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं.

बापूस मात्र पाऊस जरा थांबला की उठायचे, वाळूवर झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या आमच्या होडीभोवती एक चक्कर मारायचे आणि परत येऊन जाळं सांधायला बसायचे. एकदा जाळ्यातून नजर न काढता त्यांनी विचारलं, "आगबोट कवा सुटते?"

"नागपंचमीला, बाबा."

त्यांचा हात थांबला. "पुनवेच्या आदी?"

हे वाचणारा कुणी आमच्या किनाऱ्याचा नसेल, तर त्याच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात आमच्या होड्या वाळूवर चढवलेल्या असतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा, मग होड्या पाण्यात लोटायच्या. पहिला नारळ पाटलाचा. त्याआधी कोळ्याचा पाय दर्यात जात नाही. हा नियम मोडा असं मी म्हणत नाही. आषाढातला दर्या ज्यानं पाहिलाय तो तसं म्हणणारच नाही. माणसं मरू नयेत म्हणून कुण्या शहाण्यानं केलेला नियम आहे तो.

तुम्ही त्याचं काय केलंत ते बघा.

तुम्ही बापाला चावडीत बोलावलंत. मीही गेलो. सगळा कोळीवाडा बसलेला. तुम्ही म्हणालात, "तुळशीराम, नारळ पडायच्या आदी आपल्यातलं पोर दर्यावर जानार न्हाय."

बापूस हात जोडून म्हणाले, "पाटील, ती लोखंडाची बोट हाय. तिला वाऱ्याचं भ्या न्हाय."

"दर्या त्योच ना?"

"त्योच."

"मंग ह्या साली कुनाचा लेक बुडला, तर त्याच्या आवशीनं कुनाच्या दारात जाऊन छाती बडवायची? तुज्या?"

 हे बोलणं तुम्हाला बरोबर जमतं. त्या बसलेल्यांत असं एक घर नव्हतं ज्यातला कुणी दर्यानं नेला नाही. तुम्ही त्यांची मेलेली माणसं उचललीत आणि माझ्या भावाच्या वाटेत आडवी ठेवलीत.

मी म्हणालो, "पाटील, तुमी गेल्या महिन्यात धरमतरहून लाँचनं मुंबईला गेलता. पुतन्याच्या बारशाला. तवा नारळ पडलाता का?"

"ती खाडी."

"आसं? मंग खाडी कुठं सरते आन् दर्या कुठं लागतो ते दावा. आमी सदाला थितंच उतरवून घेतो."

माणसं हसली. आमच्या होडीवरचा धर्मा खलाशी सगळ्यांत मोठ्यानं हसला. ते हसू तुम्ही विसरला नाहीत, हे मला नंतर कळलं. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "नारळ पडल्यावर जाऊ दे. मी कुठं न्हाय म्हनतो?" आणि उठलात.

घरी आल्यावर सदानं बूट काढले आणि पेटीमागे ढकलले. "माझ्यासाठी बोट थांबनार न्हाय. माझ्या जागी दुसरा पोरगा तयार हाय. ऱ्हाऊ दे, आये. मी न्हाय जात." आवस चटणी कुटत होती. तिनं मुसळ थांबवलं, त्याच्याकडे बघितलं, आणि दुप्पट जोरानं कुटायला लागली. मी फेऱ्या मारत होतो. 

बापूस उठले, डोक्यावर इरलं घेतलं आणि चौलच्या रस्त्याला लागले. आले ते हातात नारळ घेऊन. वाडीतून निवडून आणलेला, पाणी भरलेला.

"पाटील काय म्हनला? नारळ पडल्यावर जाऊ दे," ते म्हणाले. "मंग पाडू की."

इथं नीट ऐका, पाटील. माझा बाप चलाख माणूस नाही. त्यानं तुमची थट्टा केली नाही, तुम्हाला शह दिला नाही. त्याला खरोखरच वाटलं की त्याला वाट सापडली. नियम पाळायचा आणि पोरगंही पाठवायचं. इतक्या सरळ मनानं माझ्या पाहण्यात कुणी कधी कायदा पाळला नसेल.

श्रावण लागल्यावर तिजेच्या दिवशी दुपारी भरती उतरायला लागली तेव्हा बापूस सणाचे कपडे घालून निघाले. लाल टोपी, नवा रुमाल. नारळाला हळदकुंकू. मागे आम्ही. किल्ल्याच्या तटाखाली, खाडीच्या तोंडाशी ते कमरेएवढ्या पाण्यात गेले. लाटा छातीवर येत होत्या. नारळ कपाळाला लावून म्हणाले, "दर्याराजा, पोर चाललंय. लोखंडाची बोट हाय, पन पोर आमचं हाय. तू शाना हायस. संबाळ."

ओहोटीनं नारळ नेला. कोर्लईच्या बाजूला बुडत, वर येत गेला तो गेलाच. आतेनं पुनवेचं गाणं धरलं, एकटीनंच. वाड्यातली माणसं दारात उभी राहून बघत होती. खाली कुणी आलं नाही. पण एकानंही थांबवलं नाही, हेही मी लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदा गाडीत बसला. अलिबागेहून धरमतर, तिथून लाँच. आवशीनं चटणीचा डबा मांडीवर ठेवला. "तिथल्या बायांना सांग, बोंबील आदी भाजायचा, मंग कुटायचा. न्हायतर कडू लागतो." बापानं खाली वाकून त्याच्या बुटाची नाडी ओढून बघितली, होडीचा दोर बघतात तशी. गाडी चौलच्या वळणाला गेली तरी कोट घातलेला हात हलत होता.

संध्याकाळी तुमचा माणूस आला. "तुळशीरामानं पाटलाचा मान चोरला."

बापूस त्याच्याकडे बघतच राहिले. "मान? मी दर्याला नारळ दिला. मान कुठं घेतला?"

पुनव आली. तुमचा सोनेरी कागद लावलेला नारळ वाजत गाजत पडला. होड्या पाण्यात गेल्या. आमची वाळूवरच राहिली. धर्मा आला नाही, बाकीचे खलाशी आले नाहीत, होडी लोटायला कुणी खांदा दिला नाही. दहा माणसांशिवाय ती होडी हलत नाही, आणि तुम्ही दहाच्या दहा घरी फिरून आला होता. बापूस कळशी घेऊन गेले आणि होडीच्या फळ्यांवर खारं पाणी मारत राहिले. ऊन पडलं की लाकूड सुकतं, सांधे उकलतात, आणि मग होडीची होडी राहत नाही. पहिल्या पापलेटांच्या पाट्या आमच्या दारावरून गेल्या. आवशीनं त्या मोजल्यासारख्या बघितल्या आणि दार लोटून घेतलं.

काल तुम्ही स्वतः आलात. ओटीवर बसलात, पाणी मागितलंत, प्यालात. मग म्हणालात, "तुळशीराम, मी काय दुश्मन न्हाय. त्याची बोट आता सिंगापूरला लागंल. थितं तार जाते. लिवा, आवस मरायला टेकली, परत ये. पोरगा यील, चावडीत माज्या पाया पडंल. मिटलं. तार गेली की मी सोता तुज्या व्होडीला खांदा लावतो."

 बापूस वाळूकडे बघत होते, होडीकडे. मी त्यांचं तोंड बघितलं. बाप डगमगत होता, पाटील. तीस वर्षं ज्या होडीनं घर पोसलं ती डोळ्यांसमोर उकलत होती, आणि तुम्ही एका ओळीत ती परत देत होता. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हो म्हणणार.

तेवढ्यात आवस बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला मासळीचा वास.

"कोन मरायला टेकली?"

"नुसतं लिवायचं गो, नीराबाई. खरं थोडंच?"

"आसं व्हय?" ती म्हणाली. "मंग तुज्या आवशीचं लिव की. म्हातारी जिती हाय ना? तिला जाऊन सांग, बय, पोराच्या मानासाठी जरा मर. ती काय म्हनते ते मला येऊन सांग, मंग माजं लिव." मग बापाकडे वळली. "आन् तुमी. माजं पोर तिकडं परमुलखात हिरानं भात खातंय, त्याला सांगनार मी मेले म्हनून? यवड्या पान्यावर एकटं रडत यील ते. होडी गेली तर मी टोपली घेऊन चालत मुंबईला जाईन. तार न्हाय जानार."

बापूस म्हणाले, "न्हाय जानार, पाटील." आवाज बारीक होता, पण म्हणाले.

तुम्ही उठून गेलात. पाण्याचा तांब्या तिथंच कलंडला.

मग आवस आणि गोदूआते वाळूवर गेल्या आणि होडीवरच्या झावळ्या ओढून काढायला लागल्या. बायका आमच्यात होडीला हात लावत नाहीत. वाडा बघत होता. धर्मा त्याच्या दारातून निघाला, दहा पावलं आला, आमच्याकडे बघितलं, मग तुमच्या घराकडे बघितलं आणि थांबला. तिथंच उभा राहिला, पाय वाळूत रुतेपर्यंत. त्याची बायको आतून हाका मारत होती, तो ना पुढे येत होता ना मागे जात होता.

उद्या भरतीला आम्ही होडीला खांदा लावणार आहोत. बापूस, मी, आवस आणि आते. चौघांनी ती हलणार नाही, मला कळतं. पण लावणार.

तुम्ही वाळूवर या. घरातून बघू नका, माणूस पाठवू नका. धर्मा असेल, सगळा वाडा असेल. त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगा: एक जिती बाई मरायला टेकली म्हणून लिहायला सांगणारा माणूस, आमच्या होडीला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हे ठरवणार काय?

व्हय की न्हाय? बोला, पाटील.