थोरल्या जाऊबाईंची पापणी

माझे डोळे बारा महिने लाल. सकाळी पापण्या चिकटलेल्या, त्यांच्या बुडाशी कोंडा, आणि खाज अशी की चारचौघांत हात आवरावा लागे. सासरी सगळ्यांना त्याची सवय झाली होती. पण नवरा गेला तेव्हा याच डोळ्यांनी माझा घात केला.

रडून रडून माझा घसा बसला होता. माणसांनी भरलेल्या खोलीत थोरल्या जाऊबाई शेजारणीच्या कानाला लागल्या, पण भिंतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिचे डोळे नेहमीचेच तसे. खरी रडली की नाही, देव जाणे."

शेजारणीनं मान वळवून मला निरखलं आणि तिला ते पटलं. मग ते सगळ्यांनाच पटलं. बावीस वर्षांचा संसार आणि माझं दुःख नाटक ठरलं! मी मनाशी खूणगाठ बांधली.

पुढे नेत्र रुग्णालयात नव्या थेंबांची चाचणी निघाली. पापण्यांच्या मुळाशी डोळ्याला न दिसणारे किडे राहतात, त्यांना मारायचं औषध. मूळ औषध म्हणे कुत्र्यांच्या गोचिडांवरचं.

"चालेल," मी म्हटलं. "सासरी माझा मान तेवढाच आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. काहींच्या बाटलीत औषध होतं, काहींच्या बाटलीत नुसते साधे थेंब. कुणाला काय मिळालं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझी खाज मात्र हळूहळू पळाली. डोळ्यांतलं पांढरं खरोखर पांढरं झालं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे किडे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. घरातलं कुणीतरी घेऊन या. एकाच टॉवेलला तोंड पुसणारं असलं तर बरं."

टॉवेलचं काय घेऊन बसलात! जाऊबाई रोज माझ्या काजळाच्या डबीत बोट बुडवायच्या. स्वतःची डबी कपाटात कुलूपबंद, कारण ती महागाची. घरी येऊन मी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "ताई, डॉक्टरांना दुसरे डोळे तपासून बघायचेत. मी तुमचं नाव सांगितलं. असे टपोरे डोळे आपल्याकडे दुसऱ्या कुणाचे आहेत?"

ताई फुगल्या. ठेवणीतले कपडे घालून, माझंच काजळ ओढून निघाल्या.

लॅबमधल्या बाईंनी आधी ते काजळ पुसलं. मग चिमट्यानं पापणीचा एक केस उपटला. "आई गं!" ताई ओरडल्या. मला ते ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? केस काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, तशी भिंतीवरच्या पडद्यावर तो दोरखंडाएवढा दिसला. त्याच्या बुडाशी एक शेपटी वळवळली. तिच्या शेजारी दुसरी. मग आणखी दोन.

"हे काय आहे?" ताईंचा आवाज चिरकला.

"तुमच्याच पापणीतले आहेत," बाई म्हणाल्या. "बरेच आहेत हो."

"हिच्याकडून आले असणार!"

"कुणाकडून कुणाकडे गेले, ते कसं सांगणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून त्यांच्याकडेही गेले असतील. उपचार करू. पण काजळ बंद."

"बंद? पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे!" आणि ताई रडायला लागल्या. चांगल्या हुंदके देऊन, नाक लाल होईपर्यंत. मी कागदी रुमाल पुढे केला आणि मान वळवून त्यांना निरखलं. अगदी त्या शेजारणीसारखं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"अशी काय बघतेस? नाटक करतेय का मी?"

"डोळे लाल दिसतायत, ताई. रडून की किड्यांनी, ते मला कसं कळणार?"

त्यांचं रडणं थांबलं. माझं बोलणं त्यांना कुठे लागलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

बसथांब्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मग जमिनीकडे बघत त्या पुटपुटल्या, "भाऊजी गेले तेव्हा... तू रडली होतीस ना गं?"

या एका प्रश्नासाठी मी किती तळमळले होते! नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर त्यांनी आज विश्वास ठेवला असता, चार जणींना सांगितलंही असतं. आणि रात्री निवांत झोपल्या असत्या.

मी माझे स्वच्छ, पांढरे डोळे त्यांच्या डोळ्यांत रोखले.

"देव जाणे," मी म्हटलं, आणि बस आली म्हणून उठले.