वाफा नंबर सात

दिंडोशीच्या त्या सोसायटीत पंपरूमच्या मागे पडीक जागा होती. सभासदांनी तिचे बारा वाफे पाडून भाजी लावायला घेतली. नियम एकच, पण कडक. वाफ्यात बारा महिने काहीतरी खाण्याजोगं उभं दिसलं पाहिजे. दर महिन्याच्या एक तारखेला सेक्रेटरी नॅटली परेरा वही घेऊन फेरी मारायच्या. वाफा रिकामा दिसला की तो यादीत वाट बघणाऱ्या पहिल्या माणसाला मिळायचा.

सात नंबरचा वाफा काशीराम परबांचा. औषधांच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी शेतीचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की कुडाळला गेले तर शेतकरी भावालाच शिकवून यायचे. हिवाळ्यात त्यांचा फ्लॉवर बघायला शेजारच्या बिल्डिंगमधून लोक येत. तो लिंबाएवढा असायचा, ही गोष्ट वेगळी.

मे संपता संपता त्यांची बायको वनमाला म्हणाली होती, "अहो, त्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं. तिथे अळूचे गड्डे लावा, नि कुंपणावर मायाळू सोडा. पावसाळ्याची चिंता नको."

"अळू?" काशीराम हसले. "गो, अळू मोरीच्या पाण्यावर येतं. त्यात कसब काय? मी पालक लावणार. वर प्लास्टिकचं छप्पर. शास्त्रीय पद्धत."

वनमालाने गावाहून आणलेले गड्डे बाल्कनीतल्या गोणपाटातच राहिले.

जुलैत एका दुपारी वारा सुटला आणि छप्पर उडून सी विंगच्या आंब्यावर जाऊन बसलं. आठ दिवसांत पालक कुजला. एकतीस तारखेला काशीराम छत्री धरून वाफ्यापाशी गेले, तर चिखल आणि दोन काड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते मंडईत होते. मुळांसकट लाल माठाच्या चार जुड्या त्यांनी घेतल्या, घाईघाईने चिखलात खोचल्या आणि वर हाताने माती सारली. लांबून बघितलं तर झकास दिसत होतं.

नऊला नॅटली आल्या. मागून वाफेवाले आणि वनमालाही.

"अरे वा, काका! परवा तर इथे काही नव्हतं."

"माठ आहे, मॅडम. पावसात भराभर वाढतो."

नॅटलींनी वाकून एक काडी ओढली. काडीबरोबर अख्खी जुडी वर आली. तिला निळं रबर होतं.

"काका," नॅटली गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे माठ रबर लावूनच उगवतो का?"

सगळे हसले. काशीरामही थोडे हसले, पण त्यांचे कान तापले होते. नॅटलींनी वहीचं पान उलटलं, आणि त्याच थबकल्या.

"यादीत पहिलं नाव... वनमाला काशीराम परब."

काशीराम गर्रकन वळले. "तू नाव कधी दिलंस?"

"तुम्ही ब्रोकोली लावलीत त्या वर्षी."

"म्हणजे माझा वाफा जाणार अशी तुला खात्री होती?"

"खात्री नव्हती हो," वनमाला म्हणाली. "आशा होती."

चार दिवस काशीराम खाली उतरले नाहीत. बाल्कनीतून मात्र हलले नाहीत. वनमालाने कोपऱ्यात गड्डे पुरले, मधे माठ पेरला, कुंपणापाशी मायाळूच्या काड्या टोचल्या. पाचव्या दिवशी ती पडवळासाठी मांडव घालू लागली आणि तो एका बाजूला कलला. काशीरामांना बघवेना. सुतळी घेऊन ते खाली आले.

"मी फक्त बांबू बांधायला आलोय."

"मग बांबूच बांधा. सल्ले वर ठेवून या."

गणपती आले. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, आणि पंपरूमच्या मागे बैल शिरणार कुठून! आदल्या दिवशी ऋषीच्या भाजीसाठी सात नंबरपाशी अर्धी सोसायटी जमली. वनमाला पानं खुडत होती, काशीराम वाटत होते.

"काय अळू आलंय तुमचं, काशीरामभाऊ!" सी विंगच्या सुंदराबाई म्हणाल्या.

काशीरामांनी हळूच बायकोकडे पाहिलं. ती मुद्दाम मान वर करत नव्हती.

"माझं नाही," ते म्हणाले. "मालकीणबाई त्या. मी बांबूवाला." आणि हे बोलताना आपल्याला काहीच टोचलं नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

हिवाळ्यात मेथी-मुळा झाला. काशीरामांना फ्लॉवरसाठी दोन ओळींची परवानगी मिळाली. उन्हाळ्यात गवार आणि चवळी आली. मेमध्ये सोसायटीचं पाणी एक तासावर आलं, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी बादलीतून चार मजले खाली नेण्याचं काम त्यांनी न सांगता अंगावर घेतलं.

त्याच महिन्यात वनमाला भाचीच्या लग्नाला बारा दिवस कुडाळला गेली. परतल्यावर बॅग दारातच ठेवून ती आधी वाफ्यावर गेली. माती ओली होती, गवार वेळेवर तोडलेली होती, चवळीला नवी फुलं होती. तिने सगळीकडे संशयाने पाहिलं.

"तुम्ही आपलं काहीच नवीन लावलं नाहीत?"

"लावणार होतो," काशीराम म्हणाले. "पण विचारायला तू होतीस कुठे?"